पाण्यामागून जाणारा बाजार

वाचकहो, या लेखाचा प्रारंभ मला एका चुकीच्या कबुलीने करावयाचा आहे. काही काळापूर्वी आपल्या या मासिकासाठी कोलकात्याच्या मासळीवरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद माझ्याकडे आला होता. त्यात एक बंगाली शब्द रोमन लिपीत लिहिलेला होता. मी तो जसा वाचला तसा 'भेरी' असा उतरवून घेतला, आणि 'शहराचे सांडपाणी भेरींमध्ये सोडतात व त्यात मासे वाढवितात' असे एक वाक्य सुबक टाइपात छापून आले. अंक प्रसिद्ध झाल्यावर विदर्भातील एका वृद्ध वाचकांचे पोस्टकार्ड आले. अत्यंत सभ्य भाषेत त्यांनी विचारले होते, ''रणभेरी आम्ही ऐकून आहोत. तीत मासे पोसण्याची विद्या बंगाल्यांना केव्हापासून अवगत झाली, हे कळविण्याची कृपा व्हावी.''

मूळ शब्द 'भेडी' असा होता. भेडी म्हणजे बांध, आणि बांध घालून अडविलेले मासळीचे पाणीही. मला सर्वांत अधिक लाज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. यजमानांच्या नोकरीमुळे मी त्या वेळी कोलकात्याच्या न्यू टाउनमध्येच राहत होते. ज्यांच्यासाठी मी शब्दकोश चाळीत बसले होते, त्या भेडी माझ्या घरापासून तासाभराच्याही अंतरावर नव्हत्या. त्यांतील मासा तर आठवड्यातून दोनदा माझ्या स्वयंपाकघरात येत होता.

त्या पत्राचे उत्तर शोधता शोधता या शहराच्या जुन्या मासळीबाजाराचा इतिहास मला थोडाफार उलगडत गेला. तो आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. त्यात माझ्या घरचीही एक गोष्ट येईल, कारण ती या इतिहासापासून मला वेगळी काढता आली नाही.

आमच्या वसाहतीजवळ सकाळी जो बाजार भरतो, त्यात मासळीची रांग सर्वांत गजबजलेली असते. माझे बालपण पेणच्या खारेपाटात गेले. मासळीबाजार म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे टोपल्या मांडून बसलेल्या कोळिणी, त्यांचे वाटे, आणि भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मिळणारे त्यांचे चोख उत्तर येते. येथे विकणारे बहुधा पुरुष. ओट्यावर मांडी ठोकून बसावयाचे, भल्या थोरल्या बाकदार विळीची पाटी पायाखाली दाबून धरावयाची आणि दोन्ही हातांनी मासा त्या पात्यावर चालवावयाचा. या विळीला ते 'बोंटी' म्हणतात. शेजारी अॅल्युमिनियमच्या मोठमोठ्या हांड्या असतात. त्यांतील पाणी विक्रेता मधूनमधून तळहाताने ढवळतो, कारण हांडीतला मासा जिवंत असतो आणि त्याला हवा लागते. बंगाली गृहिणी बर्फातला मासा आणि हांडीतला मासा यांत जो भेद करते, तो आपण शिळ्या आणि ताज्या भाकरीत करतो तेवढाच ठाम असतो.

माझा नेहमीचा मासेवाला साठीच्या घरातला आहे. तो मला 'बौदी' म्हणतो, म्हणजे वहिनी. मी त्याला 'दादा' म्हणते. एके दिवशी मी त्याला विचारले, ''दादा, तुमच्या शहराचा सर्वांत जुना मासळीबाजार कोणता?'' तो रोहूचे खवले काढीत होता. मान वर न करता म्हणाला, ''असा एक कुठला सांगू, बौदी? पाणी जिकडे जाते, तिकडे बाजार जातो.'' त्या वेळी मला ते उत्तर टाळाटाळीचे वाटले. आज मला वाटते की त्याने मला सगळा इतिहास एका वाक्यात सांगितला होता.

कोलकात्याच्या नकाशात मासळीची नावे जागोजागी विखुरलेली आहेत, आणि त्यांतील कित्येक ठिकाणी मासळी उरलेली नाही. उत्तरेकडे मेछुआबाजार आहे. मेछुआ म्हणजे मासे विकणारा. आज तेथे फळांचा मोठा घाऊक बाजार भरतो. संत्री, सफरचंदे आणि केळ्यांचे घड यांच्यामधून वाट काढताना येथे एके काळी मासे विकले जात असतील अशी शंकाही येत नाही. पूर्वेला चिंगरीघाटा आहे. चिंगरी म्हणजे कोळंबी, तेव्हा हा कोळंबीचा घाट. आज तो मोठ्या रस्त्यावरचा वाहनांच्या कोंडीसाठी ठाऊक असलेला चौक आहे. तेथे बसमध्ये खोळंबलेल्या माणसाला आपण एका घाटावर उभे आहोत याची जाणीव कोण करून देणार?

जो बाजार जागचा हलला नाही तो हॉग मार्केट, म्हणजेच लोकांच्या तोंडचे 'न्यू मार्केट'. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरातील बहुतेक बाजार धनिकांच्या खाजगी मालकीचे होते. तेथील गर्दी व घाण यांविषयी युरोपीय रहिवाशांची ओरड वाढली, तेव्हा नगरपालिकेने स्वतःचा बाजार बांधावयाचे ठरविले. ईस्ट इंडियन रेल्वेचे वास्तुकार रिचर्ड रॉस्केल बेन यांनी त्याचा आराखडा केला, आणि १ जानेवारी १८७४ रोजी तो खुला झाला. शेजारच्या धर्मतला बाजाराचे मालक हिरालाल सील यांच्याशी नगरपालिकेची मोठी चुरस लागली, आणि अखेर नगरपालिकेने तो बाजारच विकत घेतला. या सर्व उद्योगामागे सर स्टुअर्ट हॉग यांचा हात होता. १९०३ साली बाजाराला त्यांचे नाव मिळाले. आपल्या मुंबईतही याच सुमारास, १८६९ साली, क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले होते. आज ती महात्मा जोतिबा फुले मंडई होय. दोन्ही शहरांतील कारभाऱ्यांच्या मनात एकच विचार होता, की बाजाराला छप्पर, फरशी आणि घड्याळ दिले की बाजार सुधारतो.

परंतु मासा घड्याळाखाली पैदा होत नाही. तो कोठून येत होता, हा खरा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी या शहराचा उतार समजून घ्यावा लागतो.

कोलकात्याच्या पश्चिमेला हुगळी वाहते. कोणालाही वाटेल की शहराचे पाणी हुगळीकडे जात असावे. वस्तुतः जमीन उलट बाजूला, पूर्वेकडे उतरते. १८०३ साली गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी शहरसुधारणेविषयी जे टिपण लिहिले, त्यातही गटारांच्या उताराचा हा दोष नोंदलेला आहे. पुढे १८५५ साली विल्यम क्लार्क या अभियंत्याने भुयारी गटारांची योजना मांडली, आणि शहराचे सांडपाणी पूर्वेच्या खाऱ्या सरोवरांकडे व तेथील विद्याधरी नदीकडे जाऊ लागले. या सरोवरांत भरतीचे खारे पाणी येत असे. त्या खाऱ्या पाण्यात कोळंबी होती, आणि 'भेटकी' नावाचा एक थोर मासा होता.

वाचकहो, भेटकी म्हणजे कोण हे कळले त्या दिवशी मी क्षणभर स्तब्ध झाले. शास्त्रज्ञ ज्याला लेटिस कॅल्कॅरिफर म्हणतात तोच हा मासा, आणि तोच आमच्या रायगड जिल्ह्यातील जिताडा! आमच्या खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढवीत. तो विकावयाचा कमी आणि द्यावयाचा अधिक. जावई घरी आला की जिताड्याचे कालवण झालेच पाहिजे. कचेरीत अडलेले काम मोकळे करावयाचे तर साहेबाच्या घरी जिताडा पोचता करीत, हेही खरे. ज्या माशाच्या नावाने आमच्याकडे माणसांचे मान ठरत, तो माझ्या बाजारात दररोज दुसऱ्या नावाने मांडलेला होता. मी त्याच्यावरून कित्येक महिने अनोळख्यासारखी जात होते!

आता भेटकी जवळच्या भेडींतून येत नाही. दादाने मला सांगितले की ती हाडोआ-मीनाखाँकडच्या, म्हणजे सुंदरबनाच्या वाटेवरच्या खाऱ्या भेडींतून येते. असे का झाले, याचे कारण विद्याधरीच्या मृत्यूत आहे. ही नदी गाळाने भरत गेली, आणि १९२८ साली सरकारी कागदोपत्री तिला मृत ठरविण्यात आले. भरती थांबली, खारेपणा ओसरला, भेटकी गेली. शहराचे सांडपाणी मात्र यावयाचे थांबले नाही. पुढे डॉ. बी. एन. दे या अभियंत्यांच्या योजनेनुसार ते नव्या कालव्यांनी पूर्वेला कुल्टी नदीपर्यंत नेण्यात आले. त्या कालव्यांच्या वाटेवर, १९३०च्या आगेमागे, येथील मत्स्यव्यावसायिकांनी एक नवा प्रयोग रूढ केला. गोड्या पाण्याची वाट पाहण्याऐवजी त्यांनी हे सांडपाणीच हिशेबाने आपल्या तळ्यांत घेतले, आणि त्यात रोहू, कटला, मृगळ वाढविले. बाजारातला मासा बदलला. त्याला कोणत्याही कारभाऱ्याचा हुकूम लागला नाही.

मधल्या काळात आगगाडीनेही बाजाराला आपल्याकडे ओढले होते. १८६२ पासून सियालदाहून पूर्व बंगालकडे गाड्या धावू लागल्या, १८७१ साली लोहमार्ग पद्मेकाठच्या गोआलंदोपर्यंत गेला, आणि पद्मेचा इलिश रातोरात कोलकात्यात येऊ लागला. सियालदा स्थानकालगतच्या बैठकखाना बाजाराला मासळीचे महत्त्व आले ते या लोहमार्गांमुळे. १९४७ साली फाळणी झाली आणि त्या पाण्याच्या मध्ये सरहद्द आली. त्यानंतर कोलकात्याच्या ताटातला मासा दुरून आणावा लागला. गेल्या काही दशकांत तर आंध्र प्रदेशातील कोल्लेरू सरोवराच्या परिसरातून बर्फात बांधलेला रोहू ट्रक भरभरून हावड्याच्या घाऊक बाजारात येतो. 'आंध्राचा' आणि 'आमचा' असे दोन भाव आज प्रत्येक ओट्यावर ऐकू येतात. जो 'आमचा' तो बहुधा भेडीचा.

हा 'आमचा' मासा कोठे विकला जातो ते पाहावे म्हणून गेल्या हिवाळ्यात एका पहाटे मी शेजारच्या दिदींबरोबर चौबागाला गेले. दिदी निवृत्त शिक्षिका आहेत आणि मासळीच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्या मजल्यावर अखेरचा मानला जातो. आम्ही पोचलो तेव्हा पुरते उजाडलेही नव्हते. बांधांवरून सायकली येत होत्या. प्रत्येकीच्या मागे हांडी बांधलेली, आणि खाचखळग्यांतून जाताना हांडीतले पाणी आपोआप ढवळले जात होते. हांडी ओतली की ओल्या जमिनीवर मासे उसळ्या मारीत. मग आडतदार पुकारा करी. हा शब्द ऐकून मला आपल्या बाजारसमितीची आठवण झाली. आपला अडत्या आणि त्यांचा आडतदार हे सख्खे भाऊच. पुकारा इतक्या वेगाने चाले की दिदींनी समजावून सांगितल्यावाचून एकही आकडा मला कळला नसता. घेणारे सगळे किरकोळ विक्रेते. चारपाच बोल्यांत ढीग संपे, पाट्या उचलल्या जात, दुसरी हांडी ओतली जाई. ऊन वर येईपर्यंत जागा जवळपास रिकामी झाली होती, आणि काही जण बादल्यांनी जमीन धूत होते. त्या बाजाराला ना घड्याळ होते ना कमान. तरीही हॉगसाहेबाच्या इमारतीपेक्षा मला तो अधिक जुना वाटला, कारण पाण्याच्या काठावर मासा उतरवून पुकारा करण्याची रीत कोणत्याही इमारतीच्या आधीची आहे.

घरी आल्यावर यजमानांनी विचारले, ''म्हणजे आपण इतके दिवस गटारातला मासा खात होतो?'' त्यांचा प्रश्न अवाजवी नव्हता. माझ्याही मनात तो होता. आमच्या घरी लहान मूल आहे, आणि पुढचे दोन आठवडे आमच्याकडे मासा शिजला नाही.

त्या दोन आठवड्यांत मी ध्रुवज्योती घोष यांच्याविषयी वाचले. हे पश्चिम बंगाल सरकारचे अभियंते. एवढ्या मोठ्या शहराचे सांडपाणी शुद्धीकरणाच्या मोठ्या यंत्रणेवाचून जाते तरी कोठे, या प्रश्नाचा १९८०च्या दशकाच्या प्रारंभी माग काढीत ते या भेडींपर्यंत पोचले. तेथे त्यांना जे आढळले त्याची रीत अशी. हिवाळ्यात तळे रिकामे करून तळाचा गाळ उन्हात वाळवितात, चुनखडी टाकतात. मग बेताने सांडपाणी घेतात आणि ते काही आठवडे तसेच राहू देतात. तळे उथळ असल्याने ऊन तळापर्यंत पोचते, शेवाळ धरते, पाणी काळ्याचे हिरवे होते, आणि ऊन व सूक्ष्म जीव मिळून घाणीचे अन्न करतात. प्रथम थोडे मासे सोडून पाहतात. ते जगले तरच बाकीचे सोडतात. काठाने जलपर्णीचा पट्टा राखतात. तो लाटांपासून बांध वाचवितो आणि पाण्यातील काही विषेही शोषून घेतो. ही विद्या कोणा एकाने शोधलेली नाही. घोषांचे मोठेपण हे की ते मच्छीमारांपुढे शिष्य म्हणून बसले. २०१८ साली ते निवर्तले.

यावरून सर्व काही निर्वेध आहे असे मात्र समजू नये. ऊन आणि शेवाळ माणसाच्या घरातील मळ पचवितात. कारखान्यांतील धातू आणि रसायने त्यांना पचत नाहीत. ज्या पाण्यात चामड्याच्या कारखान्यांचे पाणी मिसळते, त्याविषयी जाणकारांना काळजी वाटते ती रास्तच आहे. मी दादाला रोखठोक विचारले तेव्हा तो म्हणाला, ''तळ्याचे पाणी बिघडले तर आधी मासा मरतो, बौदी. मेलेला मासा घेऊन मी कुठे जाऊ?'' हे काही शास्त्रीय उत्तर नव्हे. पण आमच्या घरी पुन्हा मासा शिजू लागला.

ही तळी आज आहेत याचेही श्रेय काही माणसांना आहे. ती एके काळी शहराला अधिक खेटून होती. १९६२ साली, मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्या कारकिर्दीत, हुगळीचा गाळ नळांतून आणून खाऱ्या सरोवरांचा उत्तर भाग भरावयास आरंभ झाला. युगोस्लाव्हियाच्या एका कंपनीने ते काम केले. त्या भरावावर सॉल्ट लेक, म्हणजे बिधाननगर, उभे राहिले. शहराला घरे हवी होती. फाळणीनंतरचा लोंढा ज्यांनी पाहिला त्यांना ती गरज समजावून सांगावी लागत नाही. परंतु एकदा भरावाची वाट सापडली की ती थांबत नाही. १९९२ साली आणखी पाणथळ जमीन बांधकामाला देण्याचे घाटत असता नागरिकांच्या एका संस्थेने कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी ही पाणथळ भूमी राखली पाहिजे असा निर्णय दिला. २००२ साली सुमारे १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत नोंदला गेला, आणि २००६ साली त्याच्या रक्षणासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला.

आमचे न्यू टाउन या राखीव सीमेच्या बाहेर, तिच्या शेजारी आहे. १९९९ साली स्थापन झालेल्या सरकारी महामंडळाने राजारहाटच्या खेड्यांतील जमीन घेऊन ते वसविले. तेथे भाताची शेते, भाजीचे मळे आणि भेडीही होत्या. रुंद रस्ते, वृक्षराजी, माझे घर, माझ्या मुलाची शाळा हे सर्व त्या जमिनीवर आहे. हे मला नकाशावरून ठाऊक होते. दादाकडून ते कळले तेव्हा मात्र निराळेच वाटले.

पावसाळ्यातील एका सकाळी बाजारात गिऱ्हाईक नव्हते. मी त्याला त्याच्या गावाविषयी विचारले. त्याने हातातील बोंटीनेच आमच्या इमारतींच्या दिशेने खूण केली. ''तिकडेच. आमची लहानशी भेडी होती. जमीन घेतली तेव्हा पैसे मिळाले. खोटे बोलणार नाही. पक्के घर झाले, बहिणीचे लग्न झाले. पूर्वी मी आपले मासे विकायला नेत असे. आता दुसऱ्याचे विकत घेऊन विकतो. एवढाच फरक.'' त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याने माझा रोहू तोलला, कापला, डोके वेगळे बांधून दिले आणि सवयीने विचारले, ''आणखी काही, बौदी?''

याच सुमारास माझ्या धाकट्या भावाचा पेणहून फोन आला. आमच्या घरामागचे जिताड्याचे तळे भराव घालून विकावयाचे त्याने ठरविले होते. सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे आम्हा दोघांची नावे आहेत, तेव्हा मी हक्कसोडपत्रावर सही करावी. आपल्याकडे बहिणींनी अशी सही करावयाची असते, आणि माहेरची वाट मोकळी ठेवावयाची असते. मी ''येते'' म्हटले, आणि मे महिन्यात गेले.

भावाचे म्हणणे चुकीचे नव्हते. खारबंदिस्तीचा बांध दोन ठिकाणी फुटला होता, उघाडीची दारे कुजली होती, खाडीत पूर्वीसारखी जिताड्याची पिल्ले मिळत नाहीत. त्याचा मुलगा अभियांत्रिकीला आहे. आमच्या भागात २०२४ सालापासून जमिनीवाचून दुसरे बोलणे नाही. त्या वर्षी अटल सेतू खुला झाला, आणि त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या जागी नवनगर वसविण्यासाठी शासनाने प्राधिकरण नेमले. त्या नियोजित नगराचे नावही 'न्यू टाउन' असेच आहे. भाऊ म्हणाला, ''ताई, तू स्वतः न्यू टाउनात राहतेस. आम्ही मात्र तळ्याच्या काठी बसून राहायचे का?''

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. दुसऱ्याच्या भेडीवरच्या सातव्या मजल्यावर राहून भावाला तळ्याचे महत्त्व सांगावयाचा मला अधिकार तो काय? मी त्याला चौबागाची पहाट सांगितली, दादाचे शब्द सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ''पण त्याला निदान पैसे तरी मिळाले.''

मी सही केली नाही. माझा हिस्सा मी ठेवीन, बांध आणि उघाडी यांच्या दुरुस्तीचा खर्च तीन वर्षे माझ्या पगारातून देईन, आणि तोवर तळे राहिले नाही तर मग सही करीन, असे मी सांगितले. वहिनीने ते मान्य केले. भाऊ अद्याप माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाही. माझे चुकले असेलही. पण तळे एकदा भरले की मागाहून चूक दुरुस्त करावयास जागा उरत नाही. अनुवादातील चूक पुढच्या अंकात सुधारता येते.

तेव्हा ती सुधारणा आता करते. 'भेरी' नव्हे, 'भेडी'. अर्थ : बांध घालून राखलेले पाणी. आमच्या खारेपाटात यासाठी शब्द होते, आणि मी ते शब्दकोशाबाहेर सोडून आले होते. विदर्भातील त्या वृद्ध वाचकांना मी सविस्तर पत्र लिहिले. त्यांचे उलट टपाली उत्तर आले. त्यांच्या गावच्या मालगुजारी तलावात पूर्वी ढीमर मासे धरीत, आणि त्या माशांचा बाजार वेशीबाहेर वडाखाली भरे. आता तलाव गाळाने अर्धा झाला आहे आणि वडाखाली भाड्याच्या मोटारी उभ्या राहतात. शेवटी त्यांनी लिहिले होते, ''आमच्या बाजारालाही नाव मासळीचेच आहे.''

वाचकहो, आपल्या गावातही असे एखादे नाव असेल. एखादी कोळीआळी, एखादा मासळीचा कट्टा, जेथे आज दुसरेच काही विकले जात असेल. सवड काढून तेथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की पूर्वी येथे मासे कोणत्या पाण्यातून येत, आणि ते पाणी कोठे गेले. पाणी अद्याप असेल तर जाऊन पाहूनही या.

आज सकाळी दादाकडे भेटकी होती. मी ती घेतली. आईच्या रीतीने, कोकम घालून, जिताड्याचे म्हणून कालवण केले. दिदींना वाटीभर दिले. त्यांनी चव घेतली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ''मोहरी हवी होती.'' पेणला आज बांधावर माती पडते आहे, असा वहिनीचा निरोप दुपारी आला.